‘आम्ही’ म्हणजे कोण?

ताई,

मी मूळची सांगलीची. नर्सिंगचं जीएनएम, मग पोस्ट बेसिक बीएस्सी, मुंबईत पाच वर्षं मेडिकल वॉर्ड. २०१५ साली इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनला ओएससीई (परदेशी नर्सेसची प्रात्यक्षिक परीक्षा) देऊन इथल्या नर्सिंग रजिस्टरवर आले. सध्या मिडलँड्समधल्या एका रुग्णालयात ॲक्यूट मेडिकल युनिटला ट्रेनी एसीपी आहे. ॲडव्हान्स्ड क्लिनिकल प्रॅक्टिशनर म्हणजे पेशंट तपासून उपचार स्वतः ठरवायचं पद. त्याची तीन वर्षांची अप्रेंटिसशिप संपत आली, आठ आठवड्यांनी ईपीए, म्हणजे शेवटची परीक्षा. आम्हाला दोन भाग आहेत. एक केसवर आधारित ओपन बुक परीक्षा, आणि दुसरा वॉर्डवर घडवलेल्या बदलाचा अहवाल, त्याचं सादरीकरण आणि प्रश्नोत्तरं.

गेल्या आठवड्यात विद्यापीठाने दिलेली सरावाची केस मी तोंडी सांगितली. ऐकून झाल्यावर तिथल्या बाई म्हणाल्या, “टीमने काय केलं ते समजलं. यात तू कुठे होतीस?” रात्रभर झोप नाही. त्यात प्रकल्पाचे आकडे शेवटच्या चार आठवड्यांत घसरलेत. ते आठवडे गाळले तर चालेल का? गेटवेची (परीक्षेला बसण्याआधीच्या मंजुरीची) कागदपत्रं अर्धवट आहेत. सरकारने पैसे बंद केले म्हणतात, मग नापास झाले तर सगळं संपलं का? वय ४१, मुलगा यंदा जीसीएसईला (इथल्या दहावीला), आणि अजून माझ्या डोक्यात आधी मराठी वाक्य येतं, मग इंग्रजी. काय करू?

– अजून ट्रेनीच

अगं,

आधी त्या बाईंना मनातल्या मनात माफ कर. त्यांनी हे आठ आठवडे आधी विचारलं. मला हाच प्रश्न खऱ्या परीक्षेत आला होता, आणि तोही इतकं गोड हसून की मला वाटलं चहा हवाय का विचारतायत. मी सांगत होते, आम्ही पेशंट बघितला, आम्ही अँटिबायोटिक सुरू केलं. परीक्षक म्हणाले, हे ‘आम्ही’ म्हणजे कोण कोण? मी आणि रजिस्ट्रार, म्हणजे वरचे डॉक्टर. रजिस्ट्रार कुठे होते? फोनवर. मग छातीला स्टेथोस्कोप कुणी लावला? मी. आणि निर्णय कुणाचा होता? तिथे माझी गाडी अडली. खरं उत्तर ‘माझा’ हेच होतं, पण ते तोंडातून निघेना. तेव्हा मला नर्स होऊन तेवीस वर्षं झाली होती.

तुझ्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे. आकडे, कागदपत्रं, पैसे यांवर शेवटी बोलतेच, पण आठपैकी पाच आठवडे या एका गोष्टीला दे.

हे कुठून येतं ते बघ. आपल्याकडे ‘मी मी करू नये’ हे वरणभातासोबत भरवतात. आणि मराठीचं व्याकरणही याला साथ देतं. ‘सलाइन लावलं, बीपी घेतलं, युरिन पाठवली, डॉक्टरांना कळवलं.’ अख्खा हँडओव्हर होतो आणि त्यात माणूस एकही नाही. क्रियापद कर्माच्या मागे जातं, कर्ता घरी बसला तरी वाक्याचं काही अडत नाही. हेच डोक्यातल्या डोक्यात इंग्रजीत नेलं की ‘ब्लड्स वेअर सेंट’ तयार. ऐकणाऱ्याला वाटतं, रक्त स्वतःच चालत लॅबला गेलं.

दुसरी सवय वॉर्डाची. मुंबईत आपण रेसिडेंटला फोन करून काय म्हणायचो? “सर, सात नंबर जरा बरा वाटत नाहीये.” याचा अर्थ असायचा, सात नंबर सेप्टिक आहे, हातातलं जेवण टाका आणि या. पण तसं म्हटलं तर सिस्टर शहाणपणा करते असं व्हायचं, म्हणून आपण बरा-वाटत-नाही वर थांबायचो आणि बाकीचं सरांना सुचू द्यायचो. हे फक्त आपल्याकडचं नाही. लेनर्ड स्टाइन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६७ मध्ये यावर लेखच लिहिला होता: नर्सने सल्ला द्यायचा, पण तो डॉक्टरलाच सुचला असं वाटावं अशा बेताने. तू आणि मी त्या खेळात पटाईत झालो. आता ज्या पदासाठी तू परीक्षा देतेस, ते पद म्हणजे तो खेळ सोडून देणं. इंग्लंडमध्ये २०१७ साली या कामाची जी चौकट ठरली, तिच्या व्याख्येतच मोठ्या प्रमाणातली स्वायत्तता आणि गुंतागुंतीचे निर्णय हे शब्द आहेत. परीक्षक तुझ्यात तेच शोधतात. तू मेहनती आहेस का, हे त्यांना विचारायचंच नाहीये.

ओएससीई आठव. तुझ्या वेळी सहा स्टेशनं होती, नाही का? हात धुतले की तोंडाने सांगायचं, ओळखपट्टी तपासली की तोंडाने सांगायचं, समोरचा यादीवर खूण करायचा. तिथे प्रश्न होता, सगळं केलं का? इथे प्रश्न आहे, हेच का केलं आणि दुसरं का नाही? यादी पाठ करून तू तिथे पास झालीस, म्हणून हात सवयीने पुन्हा यादीकडेच जाणार.

आता तुझी केस घेऊ. तू पत्रासोबत ती सांगितली होतीस तशीच लिहून पाठवलीस हे फार बरं केलंस. थोडक्यात अशी: “६८ वर्षांचे गृहस्थ, लांबच्या विमानप्रवासानंतर दोन दिवस धाप आणि श्वास घेताना छातीत दुखणं. न्यूज स्कोअर (पेशंट किती आजारी आहे याचे गुण) काढला. रक्त पाठवलं, डी-डायमर (गुठळीची शंका तपासणारं रक्त) पाठवला, रजिस्ट्रारना एस्कलेट केलं, वेल्स स्कोअर (फुप्फुसात गुठळी असण्याच्या शक्यतेचे गुण) जास्त होता, सीटीपीए (फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा सीटी) झाला, अँटीकोॲग्युलेशन (गुठळी रोखणारं औषध) सुरू झालं.”

वैद्यकीयदृष्ट्या पेशंट सुखरूप आहे. पण परीक्षकाच्या खुर्चीत बसून वाच. न्यूज किती? केसच्या कागदावर श्वास २२, हवेवर सॅच्युरेशन ९३, नाडी १०४, बीपी १२६, ताप ३७.४, माणूस शुद्धीवर. न्यूज-टूवर, म्हणजे या स्कोअरच्या सध्याच्या आवृत्तीवर, श्वासाचे २, सॅच्युरेशनचे २, नाडीचा १. झाले ५. म्हणजे तातडीने बघायची पायरी. मग बोल की, “न्यूज ५ होता, म्हणून मी रांगेतले दोन पेशंट मागे ठेवून यांना आधी घेतलं.” त्या एका वाक्यात तू उभी दिसतेस.

मग वेल्स. तू विमानप्रवासाचे दीड गुण धरलेस. शोधून बघ, त्या यादीत विमान नाहीच! तीन दिवसांहून जास्त अंथरुणाला खिळणं किंवा मागच्या चार आठवड्यांत ऑपरेशन, याला दीड गुण आहेत. नऊ तास खुर्चीत बसणं त्यात बसत नाही. विमानामुळे तुझ्या मनात शंका येणं बरोबर, पण गुण देणं चूक. तुझ्या पेशंटची उजवी पोटरी सुजलेली आणि दाबल्यावर दुखणारी होती, त्याचे ३. नाडी शंभरच्या वर, त्याचे दीड. साडेचार तिथेच झाले आणि चारच्या वर म्हणजे ‘शक्यता जास्त’. दुसरं कुठलंही निदान यापेक्षा जवळचं वाटत नाही असं तू म्हणालीस तर आणखी ३. विमानाची गरजच पडली नाही. पण ती पोटरी तुझ्या सांगण्यात कुठेच नव्हती. तू पाय बघितलेस, मला खात्री आहे. सांगितले नाहीस.

आणि डी-डायमर. इथे ते तुला पकडणार. वेल्स जास्त असेल तर नाइसची, म्हणजे इथल्या उपचार-मार्गदर्शक संस्थेची, सूचना थेट सीटीपीएची आहे. डी-डायमर निगेटिव्ह आला असता तर तू स्कॅन रद्द केला असतास का? नाही ना? मग पाठवला कशाला? खरं कारण मला ठाऊक आहे: तुमच्या युनिटला छातीत दुखणं म्हटलं की रक्ताचा ठरलेला गठ्ठा जातो आणि त्यात तो असतो. तसं सांगायला हरकत नाही. “ट्रायाजला तो आधीच गेला होता. मी वेल्स काढल्यावर त्याच्या निकालासाठी थांबले नाही.” यात ‘मी’ आहे, कारण आहे, आणि आपल्याच युनिटच्या सवयीकडे बघायची नजरही आहे. परीक्षक वही खाली ठेवून ऐकतील.

आता तेच मी माझ्या तोंडाने सांगून दाखवते, पाठ मात्र करू नकोस.

“न्यूज ५ होता म्हणून मी यांना आधी घेतलं. धाप आणि छातीतलं दुखणं म्हणून माझ्या मनात चार गोष्टी होत्या: फुप्फुसातली गुठळी, न्यूमोनिया, हृदयविकार, न्यूमोथोरॅक्स. ईसीजीवर आणि एक्स-रेवर मी शेवटच्या तीन शोधल्या, सापडल्या नाहीत. पोटरी सुजलेली होती, वेल्स माझ्या हिशेबाने साडेसात. सीटी लगेच मिळत नव्हता, म्हणून रक्तस्रावाचा धोका विचारून, चालू औषधं बघून मी स्कॅनच्या आधीच ॲपिक्साबॅन १० मिलिग्रॅम लिहिलं. मूत्रपिंडाचं रक्त पाठवलं, पण पहिल्या डोससाठी त्याची वाट बघितली नाही. रजिस्ट्रारना फोन करून हे ठरवलंय असं सांगितलं आणि विचारलं, उजव्या हृदयावर ताण दिसला तर तुम्ही किती वेळात येऊ शकाल?”

शेवटचं वाक्य नीट बघ. ‘मी’ म्हणायचं म्हणजे कुणाला विचारायचंच नाही असा अर्थ नाही. उलट ‘मी सगळं एकटीने केलं’ म्हणणारी उमेदवार मला जास्त भीतीदायक वाटते. फोन तूही केलास, फोन मीही केला. फरक एवढाच की तू ‘एस्कलेट केलं’ म्हणालीस, म्हणजे चेंडू टाकून दिलास. दुसऱ्या सांगण्यात निर्णय जागेवर आहे आणि मदत नेमकी कशासाठी हवी हे ठरलेलं आहे. आपली हद्द कुठे संपते हे सांगणं हाही ‘मी’चाच भाग. सीटी मागायचा अधिकार तुला तुमच्या ट्रस्टने (रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेने) आयआर(एमई)आर २०१७ या क्ष-किरणांच्या नियमांखाली दिलाय का? दिला असेल तर तसं म्हण. नसेल तर “मागणी डॉक्टरांच्या नावाने गेली, कारण मला अजून तो अधिकार नाही” असं सरळ म्हण. यात कमीपणा नाही. अधिकार नसताना असल्यासारखं बोललीस तर मात्र ते तिथेच थांबतील.

सराव कसा करायचा ते सांगते. तुझा नवरा काय करतो ते तू लिहिलं नाहीस, पण तो वैद्यकीय क्षेत्रातला नसेल तर सोन्याहून पिवळं. रात्री भांडी झाली की त्याला स्वयंपाकघरात बसव आणि केस सांग. मराठीत सांग. हो, मराठीतच. त्याला एकच काम द्यायचं: प्रत्येक वाक्यानंतर ‘का?’ विचारायचं. “मी ईसीजी काढला.” का? “मी तेव्हाच घरी सोडलं नाही.” का? तिसऱ्या ‘का’ला तू चिडशील, आणि जिथे चिडशील तिथे तुझं उत्तर तयार नाही असं समज. माझे यजमान बँकेत होते. त्यांनी मला विचारलं होतं, “गुठळी पायात आहे तर फोटो छातीचा का?” मी हसले, आणि मग नीट सांगायला लागले तेव्हा कळलं की मलाही ते सलग सांगता येत नाहीये. खरा पेशंट मात्र घरी आणायचा नाही. नाव गाळलं म्हणजे ओळख गेली असं नसतं. वय, आजार आणि ‘गेल्या मंगळवारी’ एवढं पुरतं. विद्यापीठाच्या केसेस वापर किंवा मनाने रच.

आणि तुझं ते ‘आधी मराठी वाक्य येतं’ प्रकरण. अगं, येऊ दे. विचार मराठीत आला म्हणून कुणी गुण कापत नाही. गुण कापले जातात ते विचार न सांगितल्याबद्दल. तुझी अडचण उच्चाराची नाही, कर्त्याची आहे. मराठीतच कर्ता घालून वाक्य बनवायची सवय लाव, ‘औषध दिलं’च्या जागी ‘मी औषध द्यायचं ठरवलं, कारण’. इंग्रजी आपोआप मागून येईल. दोन सेकंद थांबलीस तर थांब. तिथे शांत बसणं म्हणजे विचार करणं धरतात, आपल्या तोंडी परीक्षेसारखं ‘आलं नाही वाटतं’ असं नाही.

एखादी गोष्ट येत नसेल तर? “मला हा डोस आत्ता आठवत नाही. मी बीएनएफ (औषधांचं संदर्भपुस्तक) बघेन, आणि बघेपर्यंत लिहिणार नाही.” हे उत्तर आहे, आणि चांगलं उत्तर आहे. ठोकून दिलेला डोस हे उत्तर नाही.

ओपन बुक परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. पुस्तक उघडं असलं तरी घड्याळही चालूच असतं, एवढं लक्षात ठेव. पन्नास गाइडलाइन्सची चळत घेऊन बसलेल्या मुली शोधण्यातच अर्धा वेळ घालवतात. तुमच्या युनिटला नेहमी येणाऱ्या दहा-बारा तक्रारी घे, प्रत्येकीचं एक पान स्वतःच्या हाताने लिही: कोणतं धोक्याचं निदान सोडायचं नाही, कोणता स्कोअर, त्याची मर्यादा काय, पेशंटला घरी सोडताना काय झालं तर परत या म्हणायचं. छापील कागद न्यायचे की स्क्रीनवर उघडायचे, याचे नियम विद्यापीठाकडून लेखी घे. आणि हो, ही अप्रेंटिसशिप २०१८ पासून चालू आहे, मूल्यमापनाचा आराखडाही बदलू शकतो. तुझ्या सुरुवातीच्या तारखेला कोणता लागू आहे ते कोर्स लीडला ईमेलवर विचार. आधीच्या बॅचच्या मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर पाठवलेली माहिती तिच्यासाठी खरी असेल.

आता तू सोबत पाठवलेला प्रकल्पाचा अहवाल. लघवीचे कॅथेटर (नळ्या) रोज बघायचे, ‘हा अजून का आहे?’ असा स्टिकर नोट्सवर लावायचा, नको असेल त्या दिवशी काढायचा. छान साधा विषय घेतलास, कारण कॅथेटर राहील तितके दिवस संसर्गाचा धोका वाढतो हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. दहा आठवडे आधीची मोजणी, स्टिकरनंतर बारा आठवडे, त्यातले आठ छान आणि शेवटचे चार घसरलेले. ते चार गाळू का, असं विचारतेस.

नाही. अजिबात नाही. पहिलं कारण तुला ठाऊकच आहे, तो खोटेपणा आहे, आणि तुझ्या रजिस्ट्रेशनपुढे ही परीक्षा काहीच नाही. पण दुसरं कारण जास्त कामाचं आहे: त्या चार आठवड्यांतच तुझं सादरीकरण आहे. तू लिहिलंस की तेव्हा युनिटला जादा खाटा उघडल्या, बँक स्टाफ (गरजेपुरत्या बोलावलेल्या नर्सेस) आला, आणि नव्या मुलींना स्टिकर कशाचा हेच माहीत नव्हतं. म्हणजे तुझा बदल स्टिकरवर उभा नव्हता, स्टिकर समजावून सांगणाऱ्या तीन माणसांवर उभा होता, आणि त्यांतली एक तू. हे सापडणं हाच पीडीएसएचा, म्हणजे ठरवा-करा-तपासा-बदला या चक्राचा, ‘स्टडी’. पुढच्या फेरीत काय करशील? हँडओव्हरच्या कागदात कॅथेटरचा दिवस क्रमांक घालशील, बँकेच्या सिस्टरला पहिल्या पाच मिनिटांत सांगायच्या गोष्टींत तो घालशील. हे बोललीस की या पदाच्या चार खांबांपैकी पेशंट बघण्याखेरीजच्या तिन्हींना, म्हणजे पुढारपण, शिकवणं आणि संशोधन यांना, हात लागतो. आत्तापर्यंत तू पत्रभर एकाच खांबाला मिठी मारून बसली आहेस.

आलेख मात्र बदल. तू ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन स्तंभ काढलेस. त्यात घसरण लपते आणि सुधारणाही लपते. आठवड्याला एक ठिपका असा रन चार्ट काढ, मधोमध मध्यक रेष. सलग सहा किंवा जास्त ठिपके रेषेच्या एकाच बाजूला गेले तर बदल नुसता योगायोग नाही असं म्हणता येतं. तुझे चांगले आठवडे आठ आहेत, म्हणजे ते तुला मिळू शकतं. टक्के लिहिलेस तिथे खाली मूळ आकडाही लिही. ज्या आठवड्यात युनिटला कॅथेटरचे चारच पेशंट होते, त्या आठवड्याचे ‘७५ टक्के’ म्हणजे चारातले तीन, आणि परीक्षक ते विचारणारच. आणखी एक गोष्ट मला अहवालात दिसली नाही: घाईने काढलेले किती कॅथेटर पुन्हा घालावे लागले? तो आकडा शोध. वाईट निघाला तरी दाखव. आपल्या सुधारणेने दुसरीकडे कुणाला त्रास झाला का, हे तू विचारलंस एवढंच त्यांना बघायचं असतं.

आणि इथे एक गंमत. केस सांगताना ‘मी’ हवा, पण प्रकल्पात नुसताच ‘मी’ आला तर तेही खटकतं. इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरने काय केलं, ज्या कन्सल्टंटला स्टिकर म्हणजे आणखी एक कागद वाटत होता त्यांना तू कसं वळवलंस, हेल्थकेअर असिस्टंटने ब्लॅडर स्कॅनची जबाबदारी कशी उचलली, हे सांग. इथे ‘आम्ही’ म्हण, फक्त त्यात कोण कोण आहेत ते मोजून दाखव.

कागदपत्रांचं. गेटवेला तू, ट्रस्ट आणि विद्यापीठ तिघांनी तयार आहे म्हणून सही करायची असते आणि ती झाल्याशिवाय ईपीएत बसता येत नाही. ऑफ-द-जॉबचे, म्हणजे कामाच्या वेळेत शिकण्याचे, तास याच आठवड्यात जुळव. आठवड्याला सहा तास या हिशेबाने तुमच्यात सगळे धरतात, आणि सगळ्यांचेच हिवाळ्यात बुडतात, कारण माणसं कमी पडली की स्टडी डेवाली आधी वॉर्डवर ओढली जाते. ते बुडालेले तास शिकल्यासारखे भरू नकोस. कमी असतील तर आजच ट्यूटरला सांग, आठ आठवड्यांत त्यावर काही करता येतं, गेटवेच्या आदल्या दिवशी नाही. इंग्रजी आणि गणिताच्या पुराव्याचं म्हणशील तर फेब्रुवारी २०२५ पासून, सुरू करताना १९ किंवा त्याहून मोठ्या असलेल्यांसाठी ती अट ट्रस्टच्या संमतीने सुटू शकते. ट्रस्टच्या अप्रेंटिसशिप लीडकडून ते लेखी घे, म्हणजे सांगलीहून दहावीचं मार्कशीट शोधून मागवायची धावपळ वाचेल.

पैशांचं तुला कुणीतरी अर्धवट सांगितलंय. १ जानेवारी २०२६ पासून लेव्हल ७ च्या (पदव्युत्तर पातळीच्या, तुझ्यासारख्या) अप्रेंटिसशिपला सरकारी पैसा मुख्यतः १६ ते २१ वयाच्या नव्या मुलांपुरता राहिला, हे खरं. पण तू तीन वर्षांपूर्वी सुरू केलंस. आधी सुरू झालेल्यांचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याच पैशावर चालतं. पहिल्या खेपेला अडलीस तर पुन्हा बसण्याचे नियम विद्यापीठाच्या कागदात असतील, ते वाच. आणि काहीही झालं तरी तुझी एनएमसीची (इथल्या नर्सिंग कौन्सिलची) नोंद या परीक्षेवर अवलंबून नाही, तू नर्स आहेसच. तुझ्या करारात ट्रेनी पदाचं पुढे काय होतं, बँड (पगाराची श्रेणी) कुठला राहतो, हे मॅनेजरला परीक्षेआधीच शांतपणे विचारून ठेव. न विचारता रात्री छताकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं.

तुझ्या कन्सल्टंट सुपरव्हायझरला वेळ नसतो, असं तू केसच्या कागदाखाली ओझरतं लिहिलंस. एक तास मागू नकोस, मिळणार नाही. राउंड संपल्यावर दहा मिनिटं माग, आठवड्यातून दोनदा, आणि एकच केस ने. “मी हे ठरवलं होतं, तुम्ही यात कुठे वेगळं केलं असतं?” असं विचार. ‘बरोबर केलं का?’ विचारलंस तर ‘गुड जॉब’ म्हणून निघून जातील.

मुलाचा जीसीएसईचा अभ्यास आणि तुझा एकाच टेबलावर होऊ दे. त्यालाही ‘का?’ विचारायला बसव. सोळाव्या वर्षी आईला अडवण्याची हौस असतेच, निदान सत्कारणी लागेल.

आणि परीक्षेची तारीख आईला सांगू नकोस. सांगितलीस तर आदल्या रात्री साडेदहाला, म्हणजे तिच्या पहाटे, गणपतीला दूर्वा वाहून झाल्याचा फोन येईल आणि मग देवीच्या ओटीचा विषय निघेल. निकाल लागला की तिला सांग. आणि मलाही.

– तुझी ताई